वॉशिंग्टन, हॅरल्ड
(१५ एप्रिल १९२२ – २५ नोव्हेंबर १९८७). शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. जन्म शिकागो येथे. वडील वकील आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदानकेंद्र-प्रमुख असल्यामुळे पक्षयंत्रणेची, म्हणजे सरकारी नोकऱ्यांच्या मोबदल्यात मते गोळा करणाऱ्या संघटनेची, ओळख त्यांना घरातूनच झाली. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी सेवेनंतर रूझवेल्ट व नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत शिक्षण घेऊन ते वकील झाले. १९६५ पासून इलिनॉय विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत आणि १९८१ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये त्यांनी काम केले. आयकर विवरणपत्रे न भरल्याबद्दल १९७२ मध्ये त्यांना अल्पकाळ तुरुंगवासही घडला होता.

१९८३ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी विद्यमान महापौर जेन बर्न आणि रिचर्ड एम. डेली यांना हरवले व नंतर रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्यावर निसटता विजय मिळवला. या प्रचारात वंशद्वेष उघडपणे डोकावला. सत्ता मात्र अर्धीच हाती आली, कारण ५० नगरसेवकांच्या सभागृहात एडवर्ड व्हर्डोल्याक यांच्या नेतृत्वाखालील २९ जणांनी त्यांचे प्रस्ताव व नेमणुका अडवून धरल्या, आणि नकाराधिकार फिरवण्यास लागणारे दोन तृतीयांश मताधिक्य विरोधकांकडे नसल्याने दोन्ही बाजू एकमेकींना रोखत राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने प्रभागांची फेरआखणी होऊन १९८६ मध्ये विशेष निवडणुका झाल्या, तेव्हा बळ २५-२५ असे समान झाले आणि महापौरांचे निर्णायक मत प्रथमच उपयोगी पडले. १९८७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी महापालिकेतील कार्यालयात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.