काल काय काय केलंस?

पुण्यात वाढलेल्या कुणालाही 'येरवडा' हा शब्द दोन अर्थांनी माहीत असतो. एक तुरुंग आणि दुसरं मनोरुग्णालय. आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी विचित्र वागायला लागला की "याला येरवड्याला पोचवा रे" असं म्हणायची पद्धत होती. मीही शंभरदा म्हटलं असेल आणि हसलोही असेन.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ते हसू माझ्यावरच उलटलं. आमच्या टीममधली निम्मी माणसं एका आठवड्यात कमी झाली. मी राहिलो. आता खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण कर्वेनगरच्या माझ्या वन-बीएचकेमध्ये हळूहळू सगळंच गादीवर आलं. लॅपटॉप गादीवर, जेवणाचे डबे गादीवर, मीही गादीवर. कोड वेळेवर जात होता, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. अंघोळ तीन दिवसांतून एकदा. आईचा फोन आला की "जेवलास का?" एवढ्या प्रश्नाचंही उत्तर मी खोटं द्यायचो.

एका मित्राने जवळजवळ ओढतच मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. डिप्रेशन. गोळ्या सुरू झाल्या. सोबत एका चिठ्ठीवर लिहून मिळालं, 'व्यवसायोपचार'.

"पण मला नोकरी आहे," मी म्हणालो. डॉक्टर हसले.

व्यवसायोपचाराच्या मॅडम पंचावन्नच्या आसपासच्या असतील. कसं वाटतंय, वगैरे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "काल काय काय केलंस? उठल्यापासून सांग."

"काम केलं."

"अजून?"

"जेवलो. मागवलं होतं."

"ताटात वाढून घेतलंस की डब्यातूनच खाल्लंस?"

मला उत्तर देता येईना. त्यांनी चोवीस चौकोन आखलेला एक कागद दिला. प्रत्येक तासासमोर काय केलं ते लिहायचं आणि पुढे तीनपैकी एक खूण करायची: करायचं होतं, करावं लागलं, की नुसतंच झालं. आणखी एक काम होतं. कोथिंबिरीची एक जुडी आणायची, निवडायची, कागदात गुंडाळून ठेवायची. बस्स.

खरं सांगतो, मला अपमान वाटला. चार वर्षं इंजिनिअरिंग, सहा वर्षं नोकरी, आणि उपचार काय, तर कोथिंबीर? त्या रात्री जुडी आणली नाही. त्याऐवजी मला जे येतं ते केलं. हा प्रकार आला कुठून, ते शोधायला बसलो.

एका बाईच्या मृत्यूपासून

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात. १७९० साली तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स नावाची एक क्वेकर बाई मरण पावली. तिच्या पंथातल्या लोकांना तिला भेटूही दिलं नव्हतं. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे असं मानणारा. त्या मृत्यूने हे लोक हादरले. विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेतला आणि १७९६ साली 'यॉर्क रिट्रीट' सुरू झालं. त्या काळी वेड्यांना साखळदंडाने बांधणं ही सर्रास पद्धत होती. इथे साखळ्या नव्हत्या. रुग्ण बागेत काम करत, शिवणकाम करत, पाहुण्यांसोबत चहा पीत. माणसासारखं वागवलं आणि माणसाची रोजची कामं हातात दिली, तर मन ताळ्यावर यायला मदत होते, एवढाच त्यांचा विचार. पुढे हाच विचार क्वेकर लोकांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला नेला. तिथलं त्यांचं इस्पितळ १८१७ साली सुरू झालं. फिलाडेल्फिया हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मात्र या उपचाराला नाव मिळायला आणखी शंभर वर्षं गेली. ते रुळवणारा माणूस डॉक्टरही नव्हता. जॉर्ज बार्टन हा आर्किटेक्ट होता. क्षयाने पोखरलेला, पायाचा भाग कापावा लागलेला, डाव्या अंगात ताकद न राहिलेला. त्याने बागकाम आणि सुतारकाम करत स्वतःला उभं केलं. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावातल्या त्याच्या घरी मार्च १९१७ मध्ये मोजकी माणसं जमली आणि 'ऑक्युपेशनल थेरपी'ची पहिली संघटना स्थापन झाली. 'ऑक्युपेशन' म्हणजे इथे नोकरी नव्हे. माणसाचा दिवस ज्यांनी व्यापलेला असतो ती सगळी कामं. दात घासणं, भात लावणं, पत्ते खेळणं, पगार मिळवणं, सगळं त्यात आलं. आपल्याकडे त्याचं भाषांतर झालं 'व्यवसायोपचार' आणि माझ्यासारख्यांची फसगत झाली. तसा 'व्यवसाय' हा शब्दही मुळात धंद्यापुरता नाही. गीतेत तो निश्चय या अर्थाने येतो.

१९१७ हेच वर्ष आपल्या पुण्यातही महत्त्वाचं आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी त्याच साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने 'क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट' निघाली. पुढे ती खडकीला आली, आजही आहे. तिथे जखमी सैनिकांना हातातलं काम शिकवलं जातं. क्लिफ्टन स्प्रिंग्ज आणि खडकी यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण युद्धातून माणसं अर्धी होऊन परत येत होती आणि दोन्हीकडे प्रश्न एकच होता. जिवंत तर राहिला, आता दिवसभर करणार काय?

काम, पण कुणासाठी?

इथवर वाचताना मला सगळं छान वाटत होतं. मग भारतातल्या मनोरुग्णालयांचा इतिहास समोर आला.

१८५८ साली ब्रिटिशांनी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. हेतू बराचसा कोंडून ठेवण्याचा होता. रुग्णांना काम तिथेही होतं. बाग, विणकाम, दळण. पण वार्षिक अहवालांत रुग्णांच्या कामातून किती उत्पन्न झालं, खर्च किती वाचला, याचेही आकडे असत. काम तेच, बागेतली कुदळ तीच. यॉर्कमध्ये तो उपचार होता, इथे तो हिशोबाच्या वहीतला जमेचा रकाना झाला.

भेद आणखीही होता. रांचीला १९१८ साली फक्त युरोपियन रुग्णांसाठी इस्पितळ निघालं. व्यवसायोपचाराचा स्वतंत्र विभाग १९२२ मध्ये सुरू झाला तो तिथे. बाकीच्यांच्या वाट्याला गर्दीच आली. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा मनोरुग्णांसाठी देशात जेमतेम दहा हजार खाटा होत्या. आज एकट्या येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या मंजूर खाटा २,५४० आहेत.

आणि येरवडा म्हटलं की शेजारचा तुरुंग आलाच. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याला आणलं. शिक्षा साध्या कैदेची होती, सक्तमजुरीची नव्हती. म्हणजे त्यांच्यावर कुठलंही काम बंधनकारक नव्हतं. तरी ते रोज सूत कातत. पुढे घडी घालून पेटीत मावणारा चरखा आला, त्याला 'येरवडा चरखा' असंच नाव पडलं. त्याच आवारात शेकडो कैदी सक्तमजुरी करत होते. एकाच भिंतीच्या आत काम ही शिक्षाही होती आणि काम हाच एका माणसाचा आधारही होता. फरक कामात नव्हता. ते कोण ठरवतं, यात होता.

मला मॅडमच्या कागदावरच्या तीन खुणा आठवल्या. करायचं होतं, करावं लागलं, नुसतंच झालं.

फिलाडेल्फियाहून परळला

आता फिलाडेल्फिया. अमेरिकेतल्या एका क्वेकर घरात एलिझाबेथ लंडी नावाची मुलगी वाढली. विष्णू निंबकर या मराठी माणसाशी तिने लग्न केलं, १९३० च्या सुमारास भारतात आली आणि कमला निंबकर झाली. पुढे चाळिशी उलटल्यावर, मुलंबाळं असताना, ही बाई पुन्हा विद्यार्थिनी झाली. फिलाडेल्फियाच्या शाळेत ऑक्युपेशनल थेरपी शिकली आणि परत मुंबईला आली. परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. भारतातली पहिलीच.

दोन वर्षांत, १९५२ मध्ये, कमलाबाईंच्या पुढाकाराने अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच साली जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांच्या रांगेत, स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेला देश. १९५८ मध्ये नागपूरलाही शाळा सुरू झाली. या विषयातल्या भारतीय शिक्षणाची मुळं अशी महाराष्ट्रात आहेत.

आणि हे सगळं माझ्या घराच्या किती जवळ होतं! कमलाबाईंचे चिरंजीव बॉन निंबकर यांनी फलटणला शेती संशोधनाची संस्था उभी केली. त्यांच्या पत्नी लेखिका जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्व्यांच्या कन्या आणि महर्षी कर्व्यांची नात. महर्षींच्या नावाच्या कर्वेनगरातच मी गादीवर पडून हे वाचत होतो. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी काढलेल्या शाळेचं नावही 'कमला निंबकर बालभवन'. मॅक्सीनबाईही अमेरिकेतूनच आलेल्या आणि मराठी झालेल्या.

क्वेकर लोकांचा विचार, फिलाडेल्फियाची शाळा, परळचं रुग्णालय, आणि शेवटी पुण्यातल्या एका टेबलावर चोवीस चौकोनांचा कागद. रात्रीचे अडीच वाजले होते. अपमान बराच कमी झाला होता.

निवडणं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दहा रुपयांची जुडी आणली. निवडायला वीस मिनिटं लागली, कारण मला येतच नव्हतं. मुळं कापली, पिवळी पानं वेगळी काढली, चिखल झटकला. काही जादू झाली नाही. पण त्या वीस मिनिटांत मी एकदाही फोन पाहिला नाही, हे नंतर लक्षात आलं. चौकोनात लिहिताना खूण कुठे करावी कळेना. शेवटी 'करावं लागलं'वर केली.

पुढच्या भेटीत मॅडमना माझा आठवडा दाखवला. जवळजवळ सगळ्या खुणा 'नुसतंच झालं'वर होत्या. ऑफिसचं कामसुद्धा. "आळस नाहीये हा," त्या म्हणाल्या. "तुझ्या दिवसात तू ठरवलेलं काहीच उरलं नाहीये." मग हळूहळू वाढवत नेलं. चहा स्वतः करायचा आणि कपात ओतून खिडकीशी उभं राहून प्यायचा. जेवण ताटात. गादीवर लॅपटॉप नाही. सायकलची चेन साफ करायची. मन लागेपर्यंत थांबायचं नाही, आधी करायचं, मन मागून येतं. मला हे उलटं वाटायचं. पण १९९६ साली नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत नैराश्याच्या रुग्णांवर एक अभ्यास केला होता. विचार बदलण्याच्या संपूर्ण उपचाराइतकाच फायदा नुसतं दिवसात कृती वाढवण्यानेही होतो, असं त्यात दिसलं.

कोथिंबिरीने डिप्रेशन जातं, असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. मी दहा महिने गोळ्या घेतल्या आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच बंद केल्या. आणि "कामात राहा म्हणजे बरं वाटेल" हा आपल्याकडचा नेहमीचा सल्लाही याहून वेगळा आहे. कामात तर मी होतोच, रोज अकरा तास. घरकामात आयुष्य गेलेल्या माझ्या आईला कुणी भाजी निवडायला सांगून बरं करू शकणार नाही. तिला कदाचित दुपारचे दोन तास कुणीही हाक न मारणं, हाच व्यवसायोपचार असेल. कुणाला काय द्यायचं हे कळायला शिकलेलं माणूस लागतं. आधी काल काय काय केलंस ते नीट ऐकून घेणारं.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या टीममधल्या, त्या आठवड्यात नोकरी गेलेल्या एका मित्राने फोन उचलणं बंद केलं. तीन दिवस वाट पाहिली आणि त्याच्या घरी गेलो. दार उघडलं तेव्हा आत सगळं गादीवर होतं. मी काही विचारलं नाही. जाताना पोहे, कांदे आणि एक जुडी घेऊन गेलो होतो. म्हटलं, "मला कांदा चिरता येत नाही, डोळ्यांत पाणी येतं. तू चिरतोस का?"

त्याने बराच वेळ सुरीकडे पाहिलं. मग उठला आणि विळी शोधायला लागला. डॉक्टरांचा नंबर मी पोहे खाऊन झाल्यावर दिला.