नाताळगीते, मराठी

येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवात मराठी ख्रिस्ती समाजात गायिली जाणारी गीते. त्यांचे दोन वर्ग पडतात : पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरे आणि ओवी, अभंग, पद, साकी, दिंडी अशा देशी छंदांतील स्वतंत्र रचना. प्रस्तुत नोंद मुख्यतः दुसऱ्या वर्गाविषयी आहे.

पूर्वपीठिका : ख्रिस्तजन्माचे सर्वांत जुने विस्तृत मराठी काव्यरूप फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त आढळते. गोव्यात १६१६ साली छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र येते. सणावारी चर्चमध्ये त्याचे वाचन होत असे.

ख्रिस्ती कीर्तन : अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर परिसरातील कार्यात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी हरिदासी कीर्तनाचा साचा उचलला आणि पुराणकथेच्या जागी बायबलमधील आख्याने योजली. त्यामुळे ख्रिस्तजन्म हा कीर्तनाचा विषय झाला आणि टाळ, पेटी, मृदंग यांच्या साथीने, ध्रुपद धरणाऱ्या श्रोत्यांसह गायिला जाऊ लागला.

टिळकांची रचना : रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला व पुढे मराठी ख्रिस्ती उपासनेला वारकरी भक्तिपरंपरेचे वळण दिले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील सुमारे सातशे गीतांपैकी अडीचशेंच्या आसपास त्यांची असल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य अपुरे राहिले. ते पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले. ख्रिस्ताला गुरू व माउली मानणारी टिळकांची भाषा संप्रदायाच्या सीमेबाहेरही वाचली गेली.

जालना परिसर : १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. तेथील मंडळीत, म्हणजे अशी गीते गाणाऱ्या समाजात, त्या काळी अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या मांग समाजातून आलेल्या कुटुंबांचा भरणा होता.

तुलना : आफ्रिकी-अमेरिकी ‘स्पिरिच्युअल’, म्हणजे गुलामगिरीतील समूहाने मौखिक रीतीने घडविलेली भक्तिगीते, यांच्याशी या गीतांचे साम्य दाखविता येते. ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ हे त्या परंपरेतील नाताळगीत जॉन वेस्ली वर्क (धाकटे) यांच्या संकलनकार्यामुळे जगभर पोहोचले. दोन्हीकडे गायक समाज पीडित असून अग्रगायक व समूह यांचा प्रतिसाद हा गायनाचा पाया आहे. तथापि, स्पिरिच्युअलचा मूळ कर्ता अज्ञात असतो, तर मराठीतील प्रतिष्ठित गीते सुशिक्षित व नामनिर्दिष्ट कवींची असून मुद्रित पुस्तकांतून गावोगावच्या मंडळ्यांत गेली. या कारणाने त्यांना लोकगीतांपेक्षा संतपरंपरेतील पदरचनेच्या शाखेत ठेवणे अधिक युक्त ठरते.