युंग यांचा व्यक्तिमत्त्वप्रकार सिद्धांत आणि अविकसित मानसिक कार्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मनुष्यस्वभावाचे प्रकार पाडण्याची प्रवृत्ती फार प्राचीन आहे. ग्रीक वैद्यकाने शरीरातील चार द्रवांच्या आधारे चार स्वभाव कल्पिले. आयुर्वेदाने वात, पित्त व कफ यांवरून प्रकृती ठरविली, तर सांख्य दर्शनाने सत्त्व, रज आणि तम या गुणांची मांडणी केली. विसाव्या शतकात या परंपरेला मानसशास्त्राची बैठक देण्याचे कार्य स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्ताव युंग (1875-1961) यांनी केले. ‘अंतर्मुख’ व ‘बहिर्मुख’ हे शब्द आज सर्वसामान्य बोलण्यात रुळले आहेत, त्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. मात्र या प्रसिद्धीत सिद्धांताचा एक महत्त्वाचा भाग मागे पडला. माणूस कोणत्या प्रकारचा आहे, एवढेच सांगणे हा युंग यांचा उद्देश नव्हता. त्या प्रकारामुळे त्याच्या मनातील कोणती शक्ती अविकसित राहिली आणि तिला जीवनात स्थान कसे मिळेल, हा त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न होता. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची ऐतिहासिक वाटचाल मांडली आहे.

सिद्धांताची पूर्वपीठिका

युंग 1900 साली झ्युरिक येथील बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात युगेन ब्लॉयलर यांच्या हाताखाली रुजू झाले. 1907 मध्ये व्हिएन्ना येथे त्यांची सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी भेट झाली आणि पुढील काही वर्षे ते मनोविश्लेषण चळवळीचे भावी नेते मानले जात होते. परंतु मतभेद वाढत जाऊन 1913 च्या प्रारंभी दोघांचे वैयक्तिक संबंध तुटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिक येथे मनोविश्लेषकांची परिषद भरली. तेथे युंग यांनी व्यक्तिमत्त्वप्रकारांविषयी आपला पहिला निबंध वाचला. उन्मादाच्या रुग्णाची मानसिक ऊर्जा बाह्य जगाकडे, तर ज्या विकाराला पुढे छिन्नमनस्कता म्हटले गेले त्या विकारात ती अंतर्जगाकडे वाहते, असे निरीक्षण त्यांनी मांडले. फ्रॉइड आणि आल्फ्रेड ॲडलर यांच्या परस्परविरोधी सिद्धांतांमागेही असाच स्वभावभेद असावा, असे त्यांनी सुचविले. फ्रॉइड आणि युंग यांची ती अखेरची भेट ठरली.

एकाच रुग्णाकडे पाहून दोन विद्वान इतके भिन्न निष्कर्ष कसे काढतात, या कोड्यातून हा सिद्धांत जन्माला आला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. अभ्यासकाचा स्वतःचा स्वभाव त्याच्या सिद्धांताला मर्यादा घालतो, ही जाणीव त्याच्या मुळाशी होती.

1913 मध्ये युंग यांनी विचाराची सांगड अंतर्मुखतेशी आणि भावनेची बहिर्मुखतेशी घातली होती. 1915-16 या काळात बासेलचे मनोविकारतज्ज्ञ हान्स श्मिड-गुइझान यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. श्मिड बहिर्मुख, तर युंग अंतर्मुख होते. पत्रे जसजशी वाढली तसतसे एकमेकांना समजून घेणे किती कठीण आहे, हेच दोघांच्या प्रत्ययास आले. पुढे सहकारी मारिया मोल्झर यांच्या विचारातून अंतःप्रज्ञेचा स्वतंत्र प्रकार पुढे आला व त्याचे श्रेय युंग यांनी ग्रंथात त्यांना दिले.

1921 चा ग्रंथ आणि अविकसित कार्याची संकल्पना

‘सायकोलॉगिशे टायपेन’ हा ग्रंथ 1921 साली झ्युरिकहून प्रसिद्ध झाला. त्यात अंतर्मुख व बहिर्मुख या दोन वृत्ती आणि विचार, भावना, संवेदन व अंतःप्रज्ञा ही चार मानसिक कार्ये मानली आहेत. दोन वृत्ती व चार कार्ये यांच्या संयोगातून आठ प्रकार सिद्ध होतात. विचार व भावना ही मूल्यमापन करणारी, तर संवेदन व अंतःप्रज्ञा ही ग्रहण करणारी कार्ये होत. प्रत्येक जोडीतील दोन कार्ये परस्परविरोधी असल्याने एक प्रबळ झाले की दुसरे दबले जाते. दबलेले कार्य नष्ट न होता अबोध मनात जाते आणि तेथे बाल्यावस्थेत राहते. तर्कशुद्ध विचार करणारा मनुष्य एखाद्या क्षुल्लक प्रसंगी अनावर भावविवश होतो, तर दूरवरच्या शक्यता अचूक हेरणारा मनुष्य स्वतःच्या भुकेकडे व पैशाच्या हिशेबाकडे दुर्लक्ष करतो. युंग यांच्या मते अशा प्रसंगी अविकसित कार्य आपले अस्तित्व प्रकट करीत असते.

या संकल्पनेचे एक मूळ जर्मन कवी फ्रीड्रिक शिलर यांच्या 1795 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सौंदर्यशिक्षणविषयक पत्रांत आढळते. श्रमविभागणीमुळे आधुनिक मनुष्य समग्र न राहता तुकड्यासारखा झाला आहे, अशी शिलर यांची खंत होती. युंग यांनी ग्रंथात या पत्रांचे सविस्तर विवेचन केले. समाजाला व्यक्तीचे एकच कार्य उपयोगी पडते, म्हणून समाज त्याच कार्याला उत्तेजन देतो. त्यातून सामूहिक संस्कृती समृद्ध होते, परंतु व्यक्तीचे उर्वरित मन उपेक्षित राहते. प्रकार निश्चित होणे म्हणजे एका अर्थाने या उपेक्षेची नोंद होणे होय.

विरोधी शक्तींच्या समन्वयाचा मार्ग शोधताना युंग भारतीय चिंतनाकडेही वळले. ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात उपनिषदे, मनुस्मृती आणि भगवद्‌गीता यांच्या आधारे द्वंद्व व निर्द्वंद्व या कल्पनांची चर्चा आहे. तथापि 1937-38 मधील भारतभेटीनंतर त्यांनी आपली भूमिका वेगळी असल्याचे स्पष्ट केले. भारतीय साधक द्वंद्वातून मुक्त होऊ पाहतो; आपल्याला मात्र निसर्ग आणि मनातील प्रतिमा यांच्या चिंतनात राहावयाचे आहे, असा त्यांचा आशय होता. अविकसित कार्याच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा आहे. तेथे विरोध ओलांडण्यापेक्षा तो सहन करून त्यातून वाट काढणे अभिप्रेत आहे.

एकात्मतेचा मार्ग

युंग यांच्या जीवनातही हा प्रश्न होता. 1959 मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत त्यांनी आपल्यात विचार व अंतःप्रज्ञा प्रबळ असल्याचे, भावनेच्या बाबतीत अडचण असल्याचे आणि वास्तवाशी असलेले नाते फारसे चांगले नसल्याचे सांगितले. फ्रॉइड यांच्याशी फारकत झाल्यानंतरच्या अस्वस्थ काळात ते दररोज सरोवराच्या काठी दगड गोळा करून छोटी घरे रचीत असत. 1923 पासून त्यांनी बोलिंगेन येथे दगडी मनोरा बांधावयास घेतला व पुढे पाषाणावर कोरीव कामही केले. हाताने पदार्थाला आकार देण्याची ही ओढ म्हणजे उपेक्षित संवेदनाला दिलेले स्थान होते, असा अर्थ लावता येतो.

या विषयाची सर्वांत सुस्पष्ट मांडणी त्यांच्या सहकारी मारी-लुईझ फॉन फ्रान्झ (1915-1998) यांनी केली. झ्युरिक येथील युंग संस्थेत 1961 मध्ये त्यांनी अविकसित कार्यावर दिलेली व्याख्याने 1971 साली पुस्तकरूपाने प्रकाशित झाली. त्यांच्या मते हे कार्य संथ व हळवे असते आणि इच्छाशक्तीच्या बळावर त्याला शिस्त लावता येत नाही. प्रबळ कार्याकडून सहायक कार्याकडे, तेथून तिसऱ्याकडे, असे पायरीपायरीने जावे लागते. चौथे कार्य मात्र कधीच पूर्णपणे वर येत नाही; उलट ते जाणिवेला खाली ओढते व मनाला मधल्या भूमीवर आणते. म्हणून खेळ, कला आणि कल्पनाशक्तीचा जागरूक वापर यांना त्या महत्त्व देतात. चारही कार्ये सारखीच तरबेज करणे हा येथे हेतू नाही. आपल्या उणिवेपुढे नम्र होणे, हाच या प्रक्रियेचा आरंभ होय.

प्रश्नावलीचा कालखंड

ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 1923 मध्ये प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज यांच्या वाचनात आला. त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स (1897-1980) यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या सिद्धांतावर आधारित प्रश्नावली तयार करण्यास प्रारंभ केला. लोकांना आपल्या स्वभावास अनुरूप काम मिळावे, हा त्यांचा हेतू निश्चितच उदात्त होता. 1962 मध्ये ही चाचणी प्रथम संशोधनासाठी उपलब्ध झाली. तिच्यात निर्णयप्रवणता व ग्रहणशीलता ही चौथी जोडी घालून सोळा प्रकार करण्यात आले. पुढे उद्योगसंस्था, प्रशिक्षण व समुपदेशन या क्षेत्रांत तिचा जगभर प्रसार झाला.

या प्रसाराबरोबर प्रश्नाचा रोखही बदलला. मायर्स यांनी कमी वापरातील कार्यांच्या विकासाची दखल घेतली असली, तरी व्यवहारात प्रकार हा ओळखीचा शिक्का बनला. चाचणीच्या शास्त्रीय आधारावरही आक्षेप घेण्यात आले. 1989 मध्ये मॅक्रे व कोस्टा यांनी माणसे वेगवेगळ्या प्रकारांत विभागली जातात, या गृहीतकाला पुरावा मिळत नसल्याचे दाखविले. व्यक्तिमत्त्वाची परिमाणे सलग असतात व बहुतेक माणसे मध्याजवळ आढळतात. 1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने व्यवसाय मार्गदर्शनातील तिच्या वापरास पुरेसा आधार नसल्याचे मत नोंदविले. हे आक्षेप रास्त आहेत. युंग यांचे मूळ प्रतिपादनही रुग्णांच्या निरीक्षणावर व ग्रंथवाचनावर आधारलेले असून प्रायोगिक कसोटीवर ते सिद्ध झालेले नाही, हेही मान्य करावे लागते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, एकाच सिद्धांताचे दोन उपयोग इतिहासात घडले. पहिल्यात प्रकार हा आत्मपरीक्षणाचा आरंभ होता, दुसऱ्यात तो निवडीचे साधन झाला. शिलर यांनी ज्या श्रमविभागणीविषयी खंत व्यक्त केली, तिच्याच सेवेत हा सिद्धांत रुजू झाला, हा इतिहासातील विरोधाभास होय. ‘मी असाच आहे’ असे म्हणून थांबण्याची सोय प्रश्नावलीने करून दिली. मूळ सिद्धांत मात्र त्याच वाक्यापासून सुरू होत होता. मापनशास्त्राच्या दृष्टीने युंग यांचे आठ प्रकार टिकोत वा न टिकोत, आपल्या बलस्थानाची किंमत मनाच्या कोणत्या भागाला मोजावी लागली, हा त्यांनी विचारलेला प्रश्न शिक्षक, समुपदेशक व विद्यार्थी या सर्वांसाठी आजही तितकाच मोलाचा आहे.