दृष्टीचा उलटा प्रवाह : मेंदूतील प्रत्याभरण संदेशांच्या संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

डोळा पाहतो आणि मेंदू ओळखतो, अशी दृष्टीविषयीची सर्वसामान्य समजूत आहे. तीनुसार दृश्याची माहिती दृष्टिपटलावरून थॅलॅमसमार्गे मेंदूच्या मागील भागातील प्राथमिक दृष्टिक्षेत्रात येते व तेथून उच्च दृष्टिक्षेत्रांकडे जाते. परंतु उच्च क्षेत्रांकडून प्राथमिक क्षेत्राकडे येणारे, म्हणजेच प्रत्याभरणाचे, मार्गही मेंदूत विपुल आहेत. त्यांचे कार्य दीर्घकाळ दुर्लक्षित का राहिले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका :

जर्मन शास्त्रज्ञ हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५६ ते १८६७ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशशास्त्रीय ग्रंथात पाहण्याच्या क्रियेला 'अबोध अनुमान' म्हटले. पूर्वानुभव दृष्टीला घडवितो, हा विचार त्यात होता. मात्र तो मेंदूत कोणत्या मार्गाने घडवितो, हे सांगण्याची साधने त्या काळी नव्हती.

साधने आली ती विसाव्या शतकात. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी १९५९ व १९६२ च्या शोधनिबंधांत, भूल दिलेल्या मांजरांच्या मेंदूतील एकेका चेतापेशीचे विद्युत्-संदेश नोंदवून, विशिष्ट कोनातील रेषेला प्रतिसाद देणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. साध्या पेशींपासून जटिल पेशी घडतात, ही त्यांची पायरी-पायरीची मांडणी प्रभावी ठरली. १९८१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. दृष्टी म्हणजे खालून वर जाणारा प्रवाह, ही प्रतिमा यातून दृढ झाली.

रचनेचा पुरावा :

१९९१ मध्ये डॅनियल फेलमन व डेव्हिड व्हॅन एसेन यांनी मॅकाक माकडाच्या मेंदूतील ३२ दृष्टिसंबंधित क्षेत्रे व त्यांना जोडणारे ३०५ मार्ग यांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेक जोडण्या दुहेरी होत्या. जेथे वर जाणारी वाट होती, तेथे बहुधा परतीची वाटही होती. तथापि वाट असणे आणि तिच्यावरून वाहतूक होणे, या भिन्न गोष्टी होत.

कार्याचा पुरावा :

१९९५ मध्ये व्हिक्टर लामे यांनी जागृत माकडांवरील प्रयोगांत दाखविले की, पेशीसमोरील दृश्यांश तोच असूनही तो आकृतीचा भाग असल्यास प्रतिसाद वाढतो, पार्श्वभूमीचा असल्यास वाढत नाही. ही वाढ प्रारंभिक प्रतिसादानंतर काही काळाने दिसते. १९९८ मध्ये लामे व सहकाऱ्यांनी हेच भुलीखाली तपासले. रेषेच्या कोनाची निवड टिकली. आकृती-पार्श्वभूमीचा भेद मात्र लोपला. ज्या अवस्थेत जुने प्रयोग झाले, तीच अवस्था या भेदाला झाकत होती.

तरीही सर्व दोष भुलीला देता येत नाही. १९९८ मध्येच झां-मिशेल ह्युपे व सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या माकडांत गतीशी संबंधित उच्च क्षेत्र थंड करून निष्क्रिय केले, तेव्हा खालच्या क्षेत्रांतील प्रतिसाद बदलले. म्हणजे उणीव साधनांइतकीच प्रश्नांचीही होती. १९९९ मध्ये राजेश राव व डाना बॅलार्ड यांनी या घडामोडींना गणिती रूप दिले : वरून अपेक्षा खाली येते आणि खालून केवळ तिच्यातील चूक वर जाते.

समारोप :

हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. प्राथमिक क्षेत्रातील आडव्या जोडण्यांचा वाटा किती व प्रत्याभरणाचा किती, याविषयी मतभेद आहेत. शिवाय प्रत्याभरण बहुतांशी प्रतिसादाची तीव्रता बदलते. ते एकटे दृश्य निर्माण करते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ह्यूबेल-वीझेल यांचे निष्कर्षही खोटे ठरले नाहीत; ते अपुरे ठरले.

या इतिहासातून एक पद्धतिशास्त्रीय धडा मिळतो. परतीच्या वाटा नकाशावर असूनही जुन्या प्रयोगांच्या नोंदींत त्यांचे कार्य उमटले नाही, कारण निरीक्षणाची अवस्था व विचारलेला प्रश्न यांनी उत्तराची सीमा आधीच आखून दिली होती. एखादी गोष्ट आढळली नाही असे लिहिताना ती कोणत्या अवस्थेत व कोणत्या प्रश्नाने शोधली, हे नोंदविणे म्हणूनच प्रत्येक विद्याशाखेतील संशोधकाचे कर्तव्य ठरते.