उद्योगशाळा, उपग्रह आणि क्लाउड

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी क्लाउडवर आधारित शिक्षणसाधने निर्माण करण्याचा विचार आज आग्रहाने मांडला जातो. साधन नवे असले तरी त्यामागील प्रशासकीय प्रश्न जुना आहे. एका ठिकाणी तयार झालेला पाठ दूरच्या कर्मशाळेपर्यंत कसा पोहोचवावा आणि तो तेथे टिकावा कसा? या प्रश्नाचा इतिहास म्हैसूरपासून पाहणे मला उद्बोधक वाटते.

म्हैसूर संस्थानाने १८९२ साली उद्योगशाळा सुरू केली. तीच पुढे चामराजेंद्र तांत्रिक संस्था म्हणून नावारूपास आली. लाकडावरील कोरीवकाम आणि जडावकाम शिकविताना पाठ आणि शिक्षक वेगळे नव्हते. कारागिराचा हात हाच ग्रंथ होता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेले विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांनी तांत्रिक शिक्षणाला राज्यकारभारात मानाचे स्थान दिले.

स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, कारागीर प्रशिक्षण योजना आली. अभ्यासक्रम केंद्राचा आणि संस्था राज्यांच्या, अशी विभागणी झाली. मग समान पाठ्यसाहित्याची गरज भासली. त्यासाठी १९८६ साली जर्मनीच्या सहकार्याने चेन्नई येथे केंद्रीय संस्था स्थापन झाली; तीच आजची 'निमी'. छापील पुस्तक सावकाश जुने होते, पण अनुदान थांबले म्हणून कपाटातून नाहीसे होत नाही.

पुढचा टप्पा उपग्रहाचा. बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही दोन्ही या प्रयोगाच्या प्रारंभिक टप्प्यात होती. २० सप्टेंबर २००४ रोजी 'एज्युसॅट' अवकाशात गेला. म्हैसूरलगतच्या चामराजनगर जिल्ह्यातील प्राथमिक शाळांनाही त्याद्वारे पाठ मिळू लागले. २०१० साली त्या उपग्रहाची सेवा संपली. पाठाचे आयुष्य अशा रीतीने यंत्राच्या आयुष्याशी बांधले गेले होते.

क्लाउडमध्ये ही बांधणी वेगळ्या रूपाने परत येते. त्याचा लाभ मोठा आहे : एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्व संस्थांना तत्काळ मिळते. २०१९ साली सुरू झालेल्या 'भारत स्किल्स' संकेतस्थळाने पाठ्यसाहित्य आणि प्रश्नसंच एकत्र आणले, ही मोलाची गोष्ट होय. परंतु क्लाउड ही खरेदी नसून भाडे आहे. आपल्या अंदाजपत्रकाला एकदाचा भांडवली खर्च सहज समजतो. दरवर्षीचा आवर्ती खर्च मात्र काटकसरीत प्रथम कापला जातो. भाडे थकले की पाठ बंद. गंजलेले लेथ यंत्र निदान दुरुस्त तरी होते.

म्हणून मला तीन अटी आवश्यक वाटतात. आवर्ती खर्चाचे स्वतंत्र लेखाशीर्ष प्रारंभीच मंजूर असावे. पाठ उतरवून घेऊन जाळ्याशिवाय वापरता यावा. आणि शिल्प निदेशकास तो कन्नडमध्ये वा मराठीत, आपल्या यंत्रानुसार, बदलता यावा. जोडारी व्यवसायाचा विद्यार्थी कानस धरायला पडद्यावरून शिकत नाही. पडदा त्याच्या निदेशकाला साहाय्य करतो. तो निदेशकच साधनाचा मालक नसेल, तर योजनेचा शेवट हाच साधनाचाही शेवट ठरेल.