अहिल्यानगर जिल्ह्यातील शालेय ग्रंथालयाची जागा : कुलूपबंद कपाटाकडून मुक्तद्वार दालनाकडे

प्रस्तावना

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यास वाचनसंस्कृतीची दीर्घ परंपरा लाभली आहे. अमेरिकन मराठी मिशनचे शैक्षणिक कार्य नगर येथे १८३१ पासून सुरू झाले. शहरातील जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ मध्ये झाली, तर मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच निघाले. शाळा, वाचनालय व नियतकालिक या तिन्ही गोष्टी एका तपाच्या आत एकाच शहरात उभ्या राहिल्या. तथापि सार्वजनिक वाचनालयास जशी स्वतःची वास्तू मिळाली, तशी जागा शाळेतील ग्रंथसंग्रहास सहसा मिळाली नाही. या विसंगतीची कारणे व तीवरील उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कपाटाचा इतिहास

माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग) १९५३ च्या अहवालात शालेय ग्रंथालयांचे परखड चित्र रेखाटले. जुनी व मुलांच्या आवडीचा विचार न करता निवडलेली पुस्तके, अपुरी व अनाकर्षक खोली आणि ग्रंथालयाचे काम जोडकाम म्हणून करणारा लिपिक वा शिक्षक, असे ते चित्र होते. ग्रंथालय हे शाळेतील सर्वांत आकर्षक स्थान असावे, तेथे भरपूर उजेड असावा व पुस्तके विद्यार्थ्यांस स्वतः हाताळता यावीत, असे आयोगाने सुचविले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे सूत्र डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडले होते.

तरीही कपाटाचे कुलूप टिकून राहिले. त्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे. पुस्तकाची नोंद मालमत्ता म्हणून होते आणि ते हरवल्यास जाब प्रभारी शिक्षकास द्यावा लागतो. अशा व्यवस्थेत पुस्तक न देणे हेच शिक्षकास सुरक्षित वाटते. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्राथमिक शाळांपर्यंत पुस्तके पोहोचविली. परंतु जबाबदारीची ही रीत बदलली नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेस ग्रंथालय आवश्यक मानले आहे. मात्र इमारतीच्या निकषांत त्यासाठी स्वतंत्र खोलीचा उल्लेख नाही. परिणामी ग्रंथालय कागदावर असते आणि जागा मुख्याध्यापकांच्या कार्यालयातील एका कोपऱ्यात.

जिल्ह्याचे भूगोल व समाजवास्तव

या जिल्ह्यात एकच नमुना आराखडा सर्वत्र लागू पडणार नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात पाऊस विपुल असल्याने ओल व बुरशी यांपासून संरक्षण हवे. तेथे मांडण्या भिंतीपासून अंतरावर व जमिनीपासून उंच असाव्यात. पाथर्डी, कर्जत, जामखेड या अवर्षणप्रवण भागांत धूळ, वाळवी व प्रखर ऊन हे पुस्तकांचे शत्रू होत. तेथे उत्तरेकडील खिडक्या व रुंद ओसरी उपयुक्त ठरते. सर्वांत वरचा कप्पा मुलाच्या उंचावलेल्या हातास पोहोचेल एवढाच उंच असावा. मांडण्या बुटक्या असल्यास एका टेबलावरून संपूर्ण दालनावर लक्ष राहते व कुलपाची गरज कमी होते.

दुसरे वास्तव ऊसतोडीच्या स्थलांतराचे आहे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला याच जिल्ह्यात घातला गेला आणि ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडणारी कुटुंबेही याच जिल्ह्याच्या पाथर्डी परिसरात आहेत. हंगामात पालकांसोबत जाणाऱ्या मुलास आठवड्याच्या मुदतीचा नियम निरर्थक आहे. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांच्या काळात फिरत्या ग्रंथपेट्यांची योजना राबविली गेली होती. तिच्या धर्तीवर दालनाच्या दाराजवळच हंगामी पेटीसाठी जागा ठेवल्यास पुस्तके मुलांसोबत फडापर्यंत जाऊ शकतील.

समारोप

शालेय ग्रंथालयाच्या नियोजनाचा प्रारंभ नकाशापासून नव्हे, तर नोंदवहीपासून व्हावयास हवा. वापराने फाटलेली व मर्यादित प्रमाणात हरवलेली पुस्तके हा शिक्षणाचा स्वाभाविक खर्च मानून ती नोंदीतून कमी करण्याची सुलभ तरतूद झाली, तरच शिक्षक निर्भयपणे पुस्तक देऊ शकेल. अन्यथा रंगीत भिंती, नव्या मांडण्या व संगणक यांनी सजलेले दालनही एक मोठे कपाटच ठरेल. १८३८ मध्ये वाचनालय उभारणाऱ्या जिल्ह्याने ते दार आता शाळेतील मुलांसाठी उघडणे, हे त्या परंपरेशी सुसंगत होईल.