दिवसाढवळ्या

मराठीत 'दिवसाढवळ्या' हा शब्द सत्कृत्याच्या शेजारी सहसा बसत नाही. दरोडा दिवसाढवळ्या पडतो, खून दिवसाढवळ्या होतो. देवदर्शनाला मात्र कुणी दिवसाढवळ्या जात नाही. कृत्य वाईट आहेच, शिवाय ते लपवण्याचीही गरज वाटलेली नाही, असा दुहेरी ठपका या एका शब्दात असतो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन बॉम्बफेकीविषयी वाचताना हा शब्द मला सतत आठवत राहिला, कारण तिथे नेमका उलटा दावा केला गेला होता. आम्ही दिवसा जातो, कारण आम्हाला पाहून मारायचे आहे. अंधारात शहरे जाळणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे, असे अमेरिकन हवाई दलाचे म्हणणे होते. उजेड हे त्यांच्या दृष्टीने नैतिकतेचे प्रमाणपत्र होते. १७ ऑगस्ट १९४३ रोजी या प्रमाणपत्राची कसोटी लागली. त्या दिवसाची ही हकिगत आहे, आणि ती सांगणाऱ्या साहित्याचीही.

पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. ब्रिटिशांनीही युद्धाच्या आरंभी दिवसा हल्ले करून पाहिले होते. ते महागात पडल्यावर त्यांनी रात्रीचा आश्रय घेतला. परंतु रात्री विमान वाचते आणि लक्ष्य हरवते. ऑगस्ट १९४१ मधील 'बट अहवाला'ने छायाचित्रांच्या आधारे दाखवून दिले, की लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद करणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. कारखाना सापडत नसेल तर शहर तरी सापडते, या तर्काने १९४२ पासून सरसकट शहरांवर बॉम्बफेक सुरू झाली. जुलै १९४३ अखेर हॅम्बुर्गमध्ये उसळलेले अग्नितांडव हा त्या तर्काचा शेवट होता.

अमेरिकनांचा सिद्धांत वेगळा होता. १९३० च्या दशकात अलाबामातील हवाई दलाच्या प्रशिक्षणशाळेत तो घडला. आधुनिक उद्योग म्हणजे कोळ्याचे जाळे. त्यातला नेमका धागा तोडला की सारे जाळे लोंबकळते. हा धागा दिवसा, उंचावरून, 'नॉर्डन' नावाच्या नेमयंत्राच्या साहाय्याने तोडायचा. शत्रूची लढाऊ विमाने आली तर? त्यावरचे उत्तर विमानाच्या नावातच होते. बी-१७ हे 'फ्लाइंग फोर्ट्रेस', म्हणजे उडता किल्ला होते. अशा किल्ल्यांची दाट रचना केली की सोबतीच्या लढाऊ विमानांवाचूनही ती स्वतःचे रक्षण करील, असे गृहीत धरलेले होते. जानेवारी १९४३ मध्ये कॅसाब्लांका येथे जनरल आयरा ईकर यांनी चर्चिल यांचे मन वळवले. रात्र ब्रिटिशांची आणि दिवस अमेरिकनांचा, अशी वाटणी झाली.

तोडण्याजोगा धागा कोणता? निवड झाली ती बॉल-बेअरिंगची. रणगाडा असो, विमान असो, यंत्र असो, फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूत त्या लहानशा पोलादी गोळ्या लागतातच. जर्मनीच्या बेअरिंग उत्पादनाचा निम्म्याच्या आसपासचा वाटा बव्हेरियातील श्वाइनफुर्ट या एका मध्यम आकाराच्या गावात होत होता. फ्रीड्रिश फिशर यांनी १८८३ मध्ये पोलादी गोळ्या घासून एकसारख्या करणारे यंत्र याच गावात तयार केले आणि तिथून हा उद्योग वाढला. कागदावर हे लक्ष्य आदर्श होते.

साहित्याच्या अभ्यासकाला मात्र हे गाव आणखी एका कारणाने माहीत असायला हवे. कवी आणि प्राच्यविद्यापंडित फ्रीड्रिश र्‍यूकर्ट यांचा जन्म १७८८ साली इथलाच. रघुनाथ पंडितांमुळे मराठी वाचकाला जवळची झालेली नलदमयंतीची कथा र्‍यूकर्टनी १८२८ मध्ये जर्मन काव्यात उतरवली. गावाच्या बाजारचौकात त्यांचा पुतळा आहे. ही माहिती हल्ल्याच्या नकाशावर नव्हती आणि असण्याचे काही कारणही नव्हते. पण वरून पाहणाऱ्याला उजेडात काय दिसते, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. जे पाहायला शिकवलेले असते तेवढेच दिसते.

त्या दिवशी ३७६ विमाने निघाली. कर्टिस लमे यांच्या नेतृत्वाखालील १४६ विमानांनी रेगेन्सबुर्गच्या मेसरश्मिट विमान कारखान्यावर बॉम्ब टाकून पुढे थेट उत्तर आफ्रिकेत उतरायचे. मागोमाग २३० विमानांनी श्वाइनफुर्ट गाठायचे. जर्मन लढाऊ विमाने पहिल्या तुकडीत गुंतली की दुसरीला वाट मोकळी, असा हिशेब होता. इंग्लंडमधल्या धुक्याने तो मोडला. आफ्रिकेत उजेडी उतरायचे असल्याने लमे यांना फार थांबता येईना. ते निघाले, श्वाइनफुर्टची तुकडी त्यांच्यामागून सुमारे साडेतीन तासांनी निघाली. तेवढ्या अवधीत जर्मन वैमानिकांनी खाली उतरून इंधन आणि दारूगोळा भरून घेतला. एका लढाईच्या दोन लढाया झाल्या आणि दोन्हींना शत्रू ताजा मिळाला. सोबतीची थंडरबोल्ट विमाने बेल्जियमच्या पूर्व सीमेपर्यंतच जाऊ शकत होती. तिथून ती मागे वळली.

विमानात दहा जण असत. उंची वीस हजार फुटांच्या पुढे, तापमान शून्याखाली तीस-चाळीस अंश. प्राणवायूची नळी निसटली तर काही मिनिटांत शुद्ध हरपे. उघड्या हाताने धातूला स्पर्श केला तर कातडी चिकटून निघे. पोटाखालच्या काचेच्या गोल बुरजात गुडघे छातीशी घेऊन एक गनर बसलेला असे. लक्ष्य जवळ आले की नेमयंत्रासाठी विमान सरळ, एका उंचीवर, एका वेगाने न्यावे लागे. खालून तोफा चालू असताना वळायचे नाही, उंची बदलायची नाही, की वेग बदलायचा नाही. नेम अचूक लागावा म्हणून आपण स्वतः अचूक नेम व्हायचे. दिवसाच्या हल्ल्याचा खरा अर्थ इथे कळतो. ज्या उजेडात आपल्याला दिसते, त्याच उजेडात आपणही दिसतो.

रेगेन्सबुर्गच्या वाटेवर २४ आणि श्वाइनफुर्टच्या वाटेवर ३६, अशी ६० विमाने परतली नाहीत. १४ ऑक्टोबरला २९१ विमाने पुन्हा श्वाइनफुर्टवर गेली. या खेपेस जर्मनांच्या दुइंजिनी विमानांनी बी-१७ च्या गोळीच्या टप्प्याबाहेरून अग्निबाण सोडून रचना फोडली. पुन्हा ६० विमाने पडली. म्हणजे पाचातले एक. वैमानिकाला घरी जाण्यासाठी २५ मोहिमा पुऱ्या कराव्या लागत. या गतीने पाचवी मोहीम संपेपर्यंत तिघांतले दोघे उरत नाहीत. हे गणित तळावरच्या प्रत्येकाला करता येत होते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी नाव पुकारले की माणसे उठत होती. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती सिद्धांताविषयी. सोबतीवाचून खोलवर जाण्याची किंमत १७ ऑगस्टलाच कळली होती. ऑक्टोबरमध्ये ती दुसऱ्यांदा मोजली गेली. त्यानंतर दूरच्या टप्प्याची मस्टँग विमाने दाखल होईपर्यंत अशा खोल मोहिमा थांबल्या.

आणि बेअरिंग? नाझी शस्त्रास्त्रमंत्री आल्बेर्ट श्पेअर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत पहिल्या हल्ल्याने उत्पादन ३८ टक्क्यांनी आणि दुसऱ्याने ६७ टक्क्यांनी घटल्याचे लिहिले आहे. लगोलग पुन्हा हल्ले झाले असते तर जर्मनी अडचणीत आली असती, असेही. या आठवणी वाचताना त्या न्यूरेंबर्गच्या निकालानुसार वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाने स्वतःच्या कर्तबगारीचे चित्र उभे करण्यासाठी लिहिल्या आहेत, हे विसरता येत नाही. संकट जितके मोठे, तितका त्यातून वाट काढणारा मंत्री मोठा. अमेरिकेनेच युद्धानंतर केलेल्या पाहणीचा निष्कर्ष रुक्ष आहे: बेअरिंगवरील हल्ल्यांचा आवश्यक युद्धोत्पादनावर मोजता येईल असा परिणाम झाल्याचा पुरावा नाही. छपरे कोसळली, पण ढिगाऱ्याखालची पुष्कळशी यंत्रे दुरुस्त होण्याजोगी निघाली. साठे होते, स्वीडनहून माल येत होता, काही ठिकाणी साध्या बेअरिंगवर भागवता आले. जाळ्याचा एक धागा तुटला तर कोळी दुसरा विणतो, हे सिद्धांतकारांच्या लक्षात आले नव्हते.

आता साहित्याकडे वळू. १७ ऑगस्टला रेगेन्सबुर्गच्या तुकडीत सहवैमानिकाच्या जागी बर्न ले हे अधिकारी-लेखक होते. 'मी रेगेन्सबुर्ग उद्ध्वस्त होताना पाहिले' अशा आशयाच्या शीर्षकाचा त्यांचा लेख नोव्हेंबर १९४३ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'मध्ये आला. पुढे त्यांनी साय बार्टलेट यांच्यासह १९४८ मध्ये 'ट्वेल्व्ह ओक्लॉक हाय' ही कादंबरी लिहिली. लेख आजही अंगावर येतो. पण वर्गात तो वाचताना एक प्रश्न विचारून पाहावा: यात रेगेन्सबुर्ग किती आहे? शीर्षकात शहर आहे, लेखात आकाश. जळणारी विमाने, हवेत तरंगणारे अवशेष, छत्र्या; शहराच्या वाट्याला थोडा धूर. ले खोटे लिहीत नाहीत. त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. त्यांना शहर दिसलेच नव्हते, इतकेच. त्या कारखान्यांत राबणारे मजूर, त्यांत वेठीला धरून आणलेले परदेशी, भोवतालच्या गल्ल्यांतली घरे यांना तिथून चेहरा नव्हता. जॉन हर्सी यांची 'द वॉर लव्हर' (१९५९) ही कादंबरीही याच श्वाइनफुर्ट मोहिमेपाशी येऊन संपते आणि तीही विमानातूनच पाहते. जमिनीवरच्या जर्मन लेखकांनी याविषयी इतके थोडे का लिहिले, हा प्रश्न डब्ल्यू. जी. झेबाल्ड यांनी १९९९ मधील पुस्तकात ऐरणीवर आणला, तोवर अर्धे शतक उलटून गेले होते.

उजेडाच्या दाव्याचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी दिवसा श्वाइनफुर्टवर बॉम्ब टाकले. त्याच रात्री ब्रिटिशांनी त्याच गावावर टाकले. वाटणी उरली, भेद उरला नाही. ढगाळ हवेत अमेरिकन रडारच्या आधारे ढगांतूनच बॉम्ब सोडू लागले. दिवस होता, पण दिसत काहीच नव्हते. आणि रेगेन्सबुर्गची तुकडी भर दिवसा नेणाऱ्या लमे यांनीच ९ मार्च १९४५ च्या रात्री कमी उंचीवरून आगलावे बॉम्ब टाकण्यासाठी टोकियोवर विमाने धाडली. सुमारे एक लाख माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. अचूकतेचा सिद्धांत घेऊन निघालेले हवाई दल दीड वर्षात तिथे पोहोचले.

म्हणून आरंभीच्या शब्दाकडे परत यावेसे वाटते. मराठीने 'दिवसाढवळ्या' या शब्दात एक जुने शहाणपण जपले आहे: उजेडात केल्याने कृत्य उजळत नाही. त्या दहा-दहा जणांनी उजेडाची किंमत आपल्या प्राणांनी चुकवली. त्यांना तिकडे पाठवणाऱ्यांनी ज्याला पाहणे म्हटले, ते मात्र नेमयंत्राच्या भिंगात मावेल एवढेच होते. नलदमयंतीच्या अनुवादकाचे गाव त्या भिंगात कधी आलेच नाही.